आपल्या जिल्ह्याचं सर्वात उंच ठिकाण: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

"महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर." भूगोलाच्या वहीत हे वाक्य आपण सगळ्यांनीच लिहिलंय. चार वर्षांपूर्वी माझी पुतणी ते लिहीत होती, मध्येच थांबून तिने विचारलं, "काका, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं?" मी तोरणा म्हणालो. पुढच्याच रविवारी तिला वेल्ह्याहून तोरण्यावर नेलं. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाईच्या देवळात डबा खाल्ला. झुंजार माचीकडे बघत बसलो होतो, समोर राजगड स्वच्छ दिसत होता. तिथे तिचा पुढचा प्रश्न आला, "बाकीच्या पस्तीस जिल्ह्यांचं काय?"

हा धागा त्या प्रश्नासाठी.

अमेरिकेत एकेका राज्यातल्या सगळ्या काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, सर्वात उंच जागी जाऊन येणारे लोक आहेत, त्यांची मोठी मंडळं आहेत. आपल्याकडे किल्ल्यांच्या याद्या घरोघर सापडतात, पण जिल्हानिहाय उंचीकडे कुणी फारसं बघत नाही. आणि इथेच गफलत होते. तोरणा १४०३ मीटर, हा पुणे जिल्ह्यातला सर्वात उंच किल्ला. पण "सर्वात उंच किल्ला" आणि "सर्वात उंच जागा" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर नकाशात शोधावं लागतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून मोफत उतरवून घेता येतात. त्यात दर वीस मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, असते. जिल्ह्याची हद्द बोटाने धरून, सर्वात आतलं, सर्वात वरचं वेटोळं शोधायचं. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नका. ती बरेचदा उपग्रह आणि यानांनी मोजलेल्या चौकटींची सरासरी असते, त्यामुळे अरुंद सुळके त्यात बुटके दिसतात.

तुम्ही कुठे गेलात, ती जागा कशी शोधलीत, वाटेत कोण भेटलं, ते लिहा. किती वेळात चढलात हे नाही लिहिलंत तरी चालेल.

अकोले तालुक्यातून

माझं माहेर कळसूबाईच्या सावलीतलं, म्हणून मीच सुरुवात करते. आमच्याकडे कुणी "शिखर" म्हणत नाही. "बाईला जाऊन येतो," एवढंच. नवरात्रात वर जत्रा असते. आजी खणानारळाची पिशवी काखेत मारून पायथ्याच्या बारी गावातून निघायची. तिच्या तरुणपणी शिड्या नव्हत्या, साखळी धरून चढायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिड्या होत्या, तरी आजी त्यांच्या पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायची आणि मग पाय ठेवायची.

कळसूची गोष्ट तिनेच सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एके दिवशी पाटलाने तिला भांड्यांना बसवलं. तिने ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आजी हे सांगताना "शब्द मोडला पाटलानं" यावर दर वेळी थांबायची. राज्यातली सर्वात उंच जागा शब्द मोडलेल्या घरातून उठून गेलेल्या एका मुलीच्या नावाची आहे, हे मला मोठेपणी उमगलं. आता शनिवार-रविवारी रांगा लागतात, वर चहा-भजी मिळतात. गर्दीबद्दल माझी तक्रार नाही, गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. फक्त देवळाच्या मागे बाटल्या टाकू नका. बाईला तिथे कचरा नको.

एक शंका. शिखराची पलीकडची उतरण इगतपुरी तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात जाते. मग कळसूबाई कुणाची? आमची, म्हणजे अहिल्यानगरची, की नाशिककरांची?

नाशिकहून

ताई, दोघांची. पण सांगतो, आम्हा नाशिककरांच्या मनात पहिला येतो तो साल्हेर. १५६७ मीटर, बागलाण तालुका. राज्यातला सर्वात उंच किल्ला आणि कळसूबाईच्या खालोखालचं ठिकाण. १६७२ ची मराठ्यांची मोठी लढाई याच्याच पायथ्याला झाली, सूर्याजी काकडे तिथेच पडले. २०२५ साली साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा आमच्या गटातल्या एका काकांनी फोनवर नुसतं "बघितलंस ना?" एवढंच म्हटलं आणि पुढे त्यांना बोलता आलं नाही.

आम्ही साल्हेरवाडीच्या बाजूने पहाटे निघालो होतो. दरवाज्यांमागून दरवाजे, कातळात कोरलेल्या पायऱ्या, मग गुहा, गंगासागर तलाव. तिथून माथ्यावरचं परशुरामाचं छोटं देऊळ वर दिसतं आणि अंगातलं बळ संपलेलं असतं. पादुकांपाशी पोहोचल्यावर वारा इतका होता की बसूनच राहावं लागलं. एका बाजूला सालोटा, पलीकडे गुजरातच्या डांगची जंगलं.

नकाशाच्या हिशेबाने नाशिकचं उंच ठिकाण कळसूबाईच, कारण हद्द माथ्यावरून जाते. माझं मत असं की नाशिककराने दोन्ही करावेत. कळसूबाई हिशेबासाठी, साल्हेर स्वतःसाठी.

कॅलिफोर्नियाहून

वरच्या शंकेबद्दल इथला रिवाज सांगते. मूळची मी सांगलीची, आता इथे एकवीस वर्षं झाली. शिखर दोन काउंट्यांच्या हद्दीवर असेल तर ते दोन्हींच्या खात्यावर धरतात. माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट, हे इन्यो आणि टुलारी या दोन्ही काउंट्यांचं सर्वात उंच ठिकाण. तिथे जायला सोडतीतून परवाना मिळावा लागतो, आणि जाऊन-येऊन बावीस मैल चालणं आहे. मला तिसऱ्या वर्षी परवाना मिळाला.

पण आठवण राहिली ती डेलावेअरची. मुलगी तिथे शिकायला होती. राज्यात काउंट्या तीनच. न्यू कॅसल काउंटीचं, आणि त्याबरोबर सगळ्या राज्याचं, सर्वात उंच ठिकाण म्हणजे एब्राइट रस्त्याच्या कडेची पाटी. ४४८ फूट. गाडी लावायची, चार पावलं चालायचं. मुलगी म्हणाली, "आई, हे काय चढणं झालं?" मी म्हटलं, तुझ्या पणजोबांच्या शेतातल्या बांधाला पण चढण होती, ती फक्त पायांना कळायची. आम्ही दोघी त्या पाटीपाशी अर्धा तास उभ्या होतो, येणारी-जाणारी माणसं हात करत होती.

साताऱ्याहून

आमच्या जिल्ह्याचं उत्तर महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर आहे, १४३९ मीटर. जुनं नाव सिंदोळा. १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या, लेस्ली विल्सन यांच्या नावाने आता ओळखतात. गाडी थेट जाते. डोंगर चढणाऱ्यांना यात काही वाटणार नाही, पण माझ्यासाठी ही यादीतली सर्वात मोलाची जागा आहे. आईचे गुडघे गेलेत. तिने आयुष्यभर आम्हा भावंडांना डोंगरावर जाऊ दिलं, स्वतः कधी आली नाही, कारण घरी गुरं होती. डिसेंबरात पहाटे पाच वाजता तिला तिथे नेलं, घोंगडं गुंडाळून बसवलं. सूर्य वर आला तेव्हा म्हणाली, "तुम्ही हेच बघायला जात होतात होय." एवढंच.

नंदुरबारहून

अस्तंभा, १३२५ मीटर, अक्राणी म्हणजे धडगाव तालुका. सातपुड्याच्या महाराष्ट्रातल्या भागात याच्याहून उंच काही नाही. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हा डोंगर धुळे जिल्ह्यात होता. त्या एका दिवशी धुळेकरांचं सर्वात उंच ठिकाण हद्दीबाहेर गेलं आणि आम्हाला ते मिळालं.

आमच्याकडे हा देव आहे. अस्तंबा ऋषी, म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, असं सांगतात. यात्रा धनत्रयोदशीच्या सुमाराला. तळोद्याहून कोठार, असली अशी माणसं पायी निघतात, भिल्ल, पावरा, खानदेशातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले. मी पहिल्यांदा वडिलांबरोबर गेलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. रात्रभर चालणं. पुढे ढोल, मागे ढोल, अंधारात डोंगराच्या वळणांवर मशाली आणि बॅटऱ्यांची ओळ. कुणी कुणाला ओळखत नसतं, पण दमलेल्याची पिशवी पुढचा माणूस न विचारता उचलतो.

शेवटची चढण धोक्याची आहे. सुट्टे दगड, माथ्यावर जागा कमी. गर्दीत ढकलाढकली झाली की वडील मला कड्याच्या आतल्या अंगाला घ्यायचे आणि स्वतः बाहेरच्या. गेल्या दिवाळीत मी माझ्या मुलाला घेऊन गेलो आणि नकळत तसाच बाहेरच्या अंगाला चालत होतो. वर पोहोचून तेल वाहिलं, नारळ फोडला. मुलाने उंची विचारली, मी सांगितली, पण माझ्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पावरा बाबांना त्या आकड्याचं काही नव्हतं. त्यांची ती चाळिसावी वारी होती.

जाणार असाल तर यात्रेत एकदा जा आणि एकदा यात्रा सोडून, जानेवारीत जा. दोन्ही वेळी तो वेगळा डोंगर असतो. गावातला वाटाड्या घ्या.

अमरावतीहून

वैराट, ११७८ मीटर, चिखलदऱ्यापासून जवळ. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने वनखात्याची परवानगी आणि गाडी, पायी भटकता येत नाही. ते योग्यच आहे. वैराट नावाचं गाव होतं तिथे, ते उठवून दुसरीकडे वसवलं. विराट राजाचं नाव आणि चिखलदऱ्यातला कीचक, अशी ही सगळी कथा एकमेकांत गुंतलेली. आमच्याबरोबरचा कोरकू वाटाड्या मावळतीला बोट करून गवताळ पठार दाखवत होता, "इथं घरं होती." आम्ही फोटो काढायचे थांबलो.

मुंबईहून

मुंबई शहर हा पूर्ण जिल्हा आहे, हे बरेच जण विसरतात. तिथलं उंच ठिकाण मलबार हिल, जेमतेम पन्नास मीटर. रोज सकाळी तिथे चालायला जाणाऱ्यांना आपण जिल्ह्याच्या माथ्यावर आहोत हे माहीत नसतं. उपनगराच्या बाजूला मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जांभुळमाळ, ४६८ मीटर. परवानगी आणि उद्यानाच्या माणसांसोबतच जायचं. वर पोहोचल्यावर एका बाजूला विहार आणि तुळशी, दुसरीकडे इमारती, आणि दोन्हींच्या मध्ये आपण. बावीस वर्षं लोकलमधून ज्या हिरव्या रेषेकडे बघत आलो, तिच्यावर उभा होतो.

सोलापूरहून

सगळ्यांचे डोंगर वाचून झाले, आता आमचं माळरान. मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशा काढून बसलो तेव्हा सोलापूर जिल्ह्यात बोट आपोआप बार्शीकडे सरकलं, येडशीच्या बाजूला, जिथे बालाघाटाची सोंड जिल्ह्यात येते. तिथे एकच एक माथा असा नाहीच. एकाच उंचीची अनेक वेटोळी. त्यातलं कोणतं खरं, हे ठरवता येत नसेल तर सगळ्यांवर जायचं, असा मी नियम केला. सहा रविवार लागले. एकदा ज्वारीतून, एकदा काट्याकुट्यांतून, एकदा एका वस्तीवरच्या कुत्र्यांना चुकवत.

पाचव्या वेटोळ्यावर एका शेताच्या बांधावर उभा होतो. हातात नकाशा बघून शेतकरी जवळ आले, त्यांना वाटलं मी मोजणीला आलोय. मी सांगितलं, तुमचं शिवार जिल्ह्यातल्या सर्वात उंच जागांपैकी आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, म्हणूनच बोअरला पाणी लागंना." बांधाच्या उत्तरेला हात केला, "हितनं पडलेलं तिकडं मांजरेला जातंय." मग दक्षिणेला, "आन् ह्ये सीनेला." मी वर्गात पंधरा वर्षं गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांमधला जलविभाजक फळ्यावर खडूने काढत आलोय. त्या दिवशी तो पायाखाली होता, आणि त्याच्यावर एका माणसाची चार एकर कोरडवाहू तूर होती.

त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. ते टँकरचं होतं. मी निम्मं प्यालो.