मदत हवी आहे: चार महिन्यांचं पिल्लू आणि घरातला कॉकटील

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सहा वर्षांपासून गुंडू नावाचा कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) आहे. पिंजरा हॉलमध्ये, पण संध्याकाळी दोनेक तास तो मोकळा असतो, पडद्याच्या दांडीवर बसून शीळ घालतो. तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमधलं देशी कुत्र्याचं पिल्लू आम्ही घरी आणलं. भिंगरी, साधारण चार महिन्यांची, वजन सहा किलो. ठाण्यात वन बीएचके फ्लॅट, त्यामुळे दोघांना कायमचं लांब ठेवायला जागा नाही.

गेल्या रविवारी गुंडू बाहेर असताना बेडरूमचं दार नीट लागलं नव्हतं. भिंगरी धावत आली, तो घाबरून उडाला आणि खिडकीच्या काचेवर आपटला. पंखा बंद होता म्हणून वाचला. तेव्हापासून शीळ नाही. भिंगरी झोपली की मगच खातो. परवा रात्री दोनच्या सुमारास पिंजऱ्यात एवढा फडफडला की एक पीस मोडून रक्त आलं.

भिंगरी मात्र आता भुंकत नाही. पिंजऱ्यासमोर बसते आणि टक लावून बघत राहते, शेपटीसुद्धा हलत नाही. यजमान म्हणतात, "बघ, किती शांत बसते, सवय झाली तिला." मला ते पटत नाही. लेकाला दोघांचा एकत्र फोटो हवाय. सासूबाई म्हणतात एकदा हुंगू दे, म्हणजे कुतूहल संपेल. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू? भिंगरीला परत खाली सोडायचा विचारही मनात आणवत नाही.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर खिळलेली, ही शांतता नव्हे. शिकारीची पहिली पायरी टक लावणं हीच असते. त्यानंतर दबकत पुढे सरकणं, मग झेप. त्यामुळे तिला तसं बघत बसू देऊ नका, रोज अर्धा तास तोच सराव होतोय तिचा. हुंगू तर अजिबात देऊ नका. दाताचा नुसता ओरखडा लागला तरी कुत्र्याच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. तसं कधी झालंच तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

आमच्याकडे हेच घडलं. लॅब्रेडोर, अकरा महिन्यांची, अतिशय प्रेमळ. खेळायला म्हणून पंजा टाकला. आमच्या बजरीच्या (अगदी लहान पोपटाच्या) अंगावर काही दिसलं नाही म्हणून आम्ही सकाळपर्यंत थांबलो. ते थांबणं अजून सलतं.

प्रतिसाद २

मी गेली बारा वर्षं कॉकटील पाळतोय, सोबत दोन देशी कुत्रे. आधी गुंडूचं बघा, भिंगरीचं नंतर. पिंजरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, कोपऱ्यात न्या. मागची आणि एक बाजू चादरीने झाका, म्हणजे त्याला पाठ टेकायला आडोसा मिळेल. स्टँड असेल तर भिंतीला बांधा, उडी मारली तर सगळं खाली येतं. पिंजऱ्याच्या दाराला क्लिप लावा. कॉकटील अंधारात दचकतात, रात्री शून्याचा दिवा चालू ठेवा. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. साधारण 80 ते 100 ग्रॅम असतं, त्याचं नेहमीचं जे असेल त्यातून दहा टक्के उतरलं तर वाट बघू नका. मोडलेलं पीसही दाखवून घ्या.

आता भिंगरी. आधी फिरवून दमवून आणा, मग लीश लावून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसा. ती पिंजऱ्याकडे बघत असताना हाक मारली की लगेच तुमच्याकडे मान वळवते, एवढं अंतर हवं. मान वळवली रे वळवली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. बस, तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. हाक ऐकू येईनाशी झाली तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या. ओरडू नका, गुंडू दिसला की बोलणी बसतात असं तिच्या डोक्यात जाईल. या वयात दात शिवशिवतात, तेव्हा चावायला गारेगार गाजर देत जा.

लेकाला समजावा, दोघांची मैत्री हे आपलं ध्येयच नाही. भिंगरीला गुंडू कंटाळवाणा वाटला पाहिजे, एवढंच हवंय. तो बाहेर असेल तेव्हा ती बंद दाराआड. हा नियम ती दहा वर्षांची झाली तरी मोडू नका.

धागाकर्ती (सोळा दिवसांनी)

दोघांचेही मनापासून आभार. बजरीचं वाचून यजमानांनी त्याच संध्याकाळी स्टँड भिंतीला बांधला. बेडरूमला बेबी गेट लावलंय. गुंडू डॉक्टरांना दाखवून आणला, पीस बरं होतंय. वजन 84 वरून 89 झालं. भिंगरी बारा फुटांवरून पहिल्याच हाकेला वळते, आठ फुटांवर अजून नाही. काल ती जागी असताना गुंडूने अर्धी शीळ घातली आणि थांबला. लेक तेवढ्यावर खूश आहे.

एक विचारायचं राहिलं. पिंजऱ्याखाली सांडलेले दाणे आणि विष्ठा ती चाटायला जाते. चालेल का?

प्रतिसाद २

चाटू देऊ नका. पक्ष्याच्या विष्ठेतून माणसांना आणि क्वचित कुत्र्यांनाही संसर्ग होऊ शकतो. तिला हॉलमध्ये आणण्याआधी खालचं पुसून घ्या. कोरडा झाडू नको, धूळ उडते, ओलं फडकंच वापरा. आणि आठ फुटांची घाई नको, आणखी आठवडाभर बारावरच राहा.