मदत हवी आहे: अमेरिकेतल्या साक्षीदाराचा उलटतपास, स्वस्तात ऑनलाइन सोय कशी करावी?

वाटपदावा:
मृत्युपत्रावर सही करणारा साक्षीदार न्यू जर्सीत आहे. त्याचा उलटतपास ऑनलाइन घ्यायचा आहे. काल चाचणी घेतली, तर 40 मिनिटांनी मीटिंग बंद. आवाजही घुमतो. सलग तीन-चार तास चालेल आणि रेकॉर्डिंग हाती येईल अशी स्वस्त सोय सांगा. पुढच्या सोमवारी सकाळी 11 ची वेळ धरली आहे, त्यामुळे जरा लवकर.

निशाणी_29:
साक्ष कोर्टासमोर आहे की कमिशनरपुढे (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती)? व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सच्या) अर्जावर आदेश झालाय का? कोर्टासमोर असेल तर लिंक कोर्टाकडूनच येईल, तुम्हाला काही विकत घ्यायचं नाही.
आणि सकाळी 11 म्हणजे कुठले 11? आपल्याकडे 11 वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळी वेळेप्रमाणे रात्रीचा दीड असतो.

मुक्तप्रणाली:
जित्सी हे व्हिडिओ मीटिंगचं मुक्त सॉफ्टवेअर वापरा. पैसे लागत नाहीत, वेळेची मर्यादा नाही. स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर साक्षीचा डेटा तिसऱ्याच्या हाती जात नाही. 2 कोअर, 4 जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर पुरे. टीसीपी 443 आणि यूडीपी 10000 हे पोर्ट उघडे ठेवा.

केबलवाला:
आणि रेकॉर्डिंग? त्यासाठी जिब्री हे जित्सीचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं, शक्यतो वेगळ्या मशीनवर, आणि एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग टिपतं. सोमवारची साक्ष आहे त्या माणसाला आज सर्व्हर उभारायला सांगू नका. 40 मिनिटं म्हणजे झूमचं फुकट खातं. कमिशनरच्या नावाने एका महिन्याचं प्रो (झूमचं पैसे भरून मिळणारं खातं) घ्या, मर्यादा 30 तासांवर जाते. गूगल मीटच्या फुकट खात्यात तिघे किंवा जास्त जण असले की 60 मिनिटं, आणि रेकॉर्डिंग नाही.

मुक्तप्रणाली:
साक्षीचं रेकॉर्डिंग परक्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवणं मला पटत नाही.

केबलवाला:
क्लाउडवर ठेवूच नका. 'या संगणकावर रेकॉर्ड करा' हा पर्याय घ्या. सेटिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये घेण्याची सोय आहे, ती चालू करा. दोघे एकदम बोलले तरी नंतर कळतं. मात्र एमपीफोर फाइल मीटिंग संपल्यावरच तयार होते. तेवढ्यात लॅपटॉप बंद केला किंवा वीज गेली तर अर्धवट फाइल उरते. ती पुसू नका, तिच्यावर दोनदा क्लिक करून रूपांतर पुन्हा सुरू करता येतं. लॅपटॉप चार्जरवर हवाच, राउटर यूपीएसवर, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट जोडून तयार.

गावाकडचा:
एवढा खटाटोप कशाला? साक्षीदाराने इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावं, तो साक्ष देईल.

निशाणी_29:
अजिबात नाही. मृत्युपत्र शाबीत करायला सही करणारा साक्षीदार स्वतः लागतो. जानकी वाशदेव भोजवानी (2005) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्या गोष्टी पक्षकाराला स्वतःलाच माहीत, त्याबद्दल मुखत्यार त्याच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. इथे तर तो नुसता साक्षीदार आहे.

वाटपदावा:
कमिशनर नेमलेत, वकील आहेत. सरतपासाचं (साक्षीदाराच्या मूळ जबाबाचं) शपथपत्र दाखल आहे. आदेशात 'व्हीसीद्वारे' एवढंच लिहिलंय. साक्षीदार घरूनच बसणार, मुलगा लॅपटॉप लावून देईल. वेळेचं लक्षात आलं नव्हतं.

निशाणी_29:
मग घोळ तिथेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हीसी नियमांत परदेशातल्या साक्षीदाराजवळ समन्वयक म्हणून भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी अपेक्षित आहे. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाखाली येतं. घरून चालेल का, मुलगा खोलीत थांबेल का, याचा खुलासा अर्ज देऊन कोर्टाकडून आधी घ्या. समोरच्यांची हरकत नसेल तर पुरसिस (तसं लेखी निवेदन) जोडा. नाहीतर अख्खी साक्ष झाल्यावर आक्षेप येईल आणि सगळं पुन्हा करावं लागेल.
कमिशनर असल्याचा फायदा घ्या, संध्याकाळी बसा. तिकडचे सकाळचे 9 म्हणजे आपले साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेसात. अहवालाची मुदतही बघा: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 18 रूल 4 प्रमाणे कमिशन निघाल्यापासून 60 दिवस, पुढे लागले तर मुदतवाढ मागावी लागते.

धनादेश_138:
चेक बाउन्सच्या केसमध्ये आरोपीला असंच घरून हजर राहता येतं का?

निशाणी_29:
वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

केबलवाला:
आवाज घुमतो कारण एका खोलीत दोन लॅपटॉपचे माइक-स्पीकर चालू असणार. कमिशनरच्या खोलीत एकच यूएसबी स्पीकरफोन टेबलाच्या मध्यभागी ठेवा. बाकीच्यांनी ऑडिओ न जोडता फक्त चित्र बघायचं. साक्षीदाराकडे दोन कॅमेरे: लॅपटॉपचा चेहऱ्यावर, आणि स्टँडवर बाजूने लावलेला मोबाइल, दार आणि टेबल दिसेल असा. तोही ऑडिओशिवाय जोडायचा. समोरच्या वकिलांची 'मागून कोणी सांगतंय' ही हरकत याने बरीचशी मिटते.

कागदपत्र:
कागदांचं कोणी बोललंच नाही. दाखल कागद निशाणी क्रमांक (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) आणि पानक्रमांक टाकून एकाच पीडीएफमध्ये आधी पाठवा. पण उलटतपासात अचानक दाखवायचे कागद समोरचे आधी देणार नाहीत, ऑर्डर 7 रूल 14(4) आणि ऑर्डर 8 रूल 1ए त्यांना ती मुभा देतात. ते कमिशनरच्या स्क्रीनवरून दाखवायचे. मृत्युपत्रावरची सही दाखवताना स्कॅन 300 डीपीआयचा रंगीत हवा. मोबाइलच्या फोटोत शाईचा रंग आणि दाब कळत नाही. जबाब टंकत असताना तोच स्क्रीनवर ठेवा, म्हणजे साक्षीदार वाचत जाईल. सहीसाठी छापील प्रत स्कॅन करून की डिजिटल, हेही त्याच खुलाशाच्या अर्जात विचारा.

मुक्तप्रणाली:
रेकॉर्डिंग दाखल करणार असाल तर फाइल तयार झाल्या झाल्या, कोणी उघडण्याआधी एसएचए-256 हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून कमिशनरच्या टिपणात लिहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीच असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश मागतात. भाग 'अ' आणि तज्ज्ञाचा भाग 'ब' दोन्ही लागतात. एवढं तरी माझं ऐका.

वाटपदावा:
सोमवार रद्द केला. खुलाशाचा अर्ज उद्या देतो. तो स्पीकरफोन चार माणसांच्या खोलीला एक पुरेल ना?

केबलवाला:
पुरेल. कोणी मीटरभरापेक्षा लांब बसू नका आणि पंखा बंद ठेवा.