मदत हवी आहे: टेड विल्यम्सच्या १९४१ च्या ०.४०६ मधले सॅक्रिफाइस फ्लाय

मंडळी, बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सची १९४१ ची फलंदाजी सरासरी (हिट भागिले ॲट बॅट, तेव्हा ०.४०६) आजच्या नियमाने काढायची आहे. सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे फलंदाज झेलबाद, पण झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा धावपटू धाव काढतो. आज हा 'ॲट बॅट', म्हणजे सरासरीच्या छेदात मोजली जाणारी फलंदाजीची पाळी, धरत नाहीत. १९४० ते १९५३ मध्ये मात्र धरत, म्हणजे धाव मिळवून देऊनही सरासरी घसरायची.

हंगामाचे आकडे: ४५६ ॲट बॅट, १८५ हिट (फटका मारून बेस गाठणे), १४७ वॉक (चार वाईट चेंडूंमुळे मिळालेला पहिला बेस), ३ वेळा चेंडू अंगावर. शेवटच्या दिवसाआधी ४४८ मध्ये १७९, म्हणजे ०.३९९५५, २८ सप्टेंबरच्या दोन सामन्यांत ८ पैकी ६. काय जिगर! हंगामातले ६ सॅक्रिफाइस फ्लाय ॲट बॅटमधून वजा केले तर १८५ भागिले ४५०, सरासरी ०.४११. ऑन-बेस टक्केवारी (हिट, वॉक किंवा अंगावरच्या चेंडूने बेस गाठण्याचे प्रमाण) ०.५५३ च राहते, कारण तिच्या छेदात फ्लाय आजही मोजतात.

बॉक्सस्कोअर (सामन्यांचे आकड्यांचे तक्ते) तपासून झाले. त्यांत आरबीआय (फलंदाजाने मिळवून दिलेली धाव) दिसतो, पण तो ग्राउंडआउटवर (जमिनीवरच्या फटक्यावर बाद होताना) आला की फ्लायवर, हे कळत नाही. हंगामाच्या तक्त्यात तर सॅक्रिफाइस फ्लायचा रकानाच नाही. मागाहून काढलेले अंदाज नकोत. प्रत्येक फ्लायची तारीख, इनिंग आणि धाव काढणारा धावपटू हवा. फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेला धावपटू चालणार नाही, कारण १९५४ पासूनच्या नियमाला धाव लागते.

चेंडूगणिक वर्णन मिळत नसलेल्या सामन्यांत असा फ्लाय खात्रीने कसा ओळखायचा?