पर्लच्या नव्या कोडमध्ये @_ नकोच?

कंसाची_जोडी:
पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत सबरुटीनला (नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याला) काहीही पाठवा, सगळं @_ नावाच्या एकाच यादीत येऊन पडतं. किती आर्ग्युमेंट (पाठवायची मूल्यं) हवेत, कुठला कशासाठी, हे वर कुठेच लिहिलेलं नसतं. गेल्या आठवड्यात आमच्या ज्युनिअरकडून पहिल्या ओळीत डावीकडच्या व्हेरिएबलभोवतीचा कंस राहिला. मग @_ मधला पहिला घटक मिळण्याऐवजी घटकांची संख्या मिळाली. पाठवले होते ग्राहक क्रमांक आणि तारीख, त्यामुळे रिपोर्टमध्ये प्रत्येक ग्राहकाचा क्रमांक २! एरर नाही, वॉर्निंगही नाही. मी याला पोराची चूक म्हणणार नाही. २०१४ च्या पर्ल ५.२० मध्ये सिग्नेचर (सबरुटीनच्या नावापुढेच कंसात आर्ग्युमेंटची नावं लिहिणं) आल्या, २०२२ च्या ५.३६ मध्ये त्यांच्यावरचा 'प्रायोगिक' शिक्का गेला. नवं काही लिहिताना त्याच वापरा.

जुनी_विहीर:
असहमत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ सोबत येणारं पर्ल ५.३२ आहे, म्हणजे तिथे सिग्नेचर अजून प्रायोगिकच. रेड हॅट ७ वर तर ५.१६, तिथे त्या नाहीतच. आणि @_ मधले घटक ही बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबलचीच दुसरी नावं असतात. $_[0] बदललं की मूळ व्हेरिएबल बदलतं. भलीमोठी स्ट्रिंग जागच्या जागी साफ करायला हे फार कामाचं आहे. सिग्नेचर आपली कॉपी हातात देते.

कंसाची_जोडी:
मला खुपतं ते नेमकं हेच. कडेच्या स्पेस काढणाऱ्या एका छोट्या सबरुटीनने असंच $_[0] बदललं होतं. आमची फाइल ठरावीक रुंदीच्या रकान्यांची. सुरुवातीच्या स्पेस गेल्या, पुढचे सगळे रकाने सरकले आणि रकमेच्या जागी पिनकोडचे आकडे आले. बोलावणाऱ्या ओळीकडे कितीही बघा, आत मूळ डेटा बदलतोय हे कळत नाही. जागेवरच बदलायचं असेल तर रेफरन्स (नावाआधी बॅकस्लॅश लावून मूळ व्हेरिएबलचा पत्ता) पाठवा. बॅकस्लॅश दिसला की वाचणारा सावध होतो.

तिसरी_ओळ:
सिग्नेचरकडून फार अपेक्षा नको. दोन ॲरे (याद्या) पाठवले तर ते आजही सपाट होऊन एकच यादी बनते. सिग्नेचरमध्ये दोन ॲरे लिहायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही. तिथे रेफरन्सच लागतात. आर्ग्युमेंट कमी-जास्त झाले तर कोड मरतो, हे चांगलंच, पण तेही ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हा. टेस्ट नसतील तर रात्री प्रॉडक्शनवरच कळणार.

जुनी_विहीर:
रेफरन्सचं पटलं. माझ्या साफसफाईच्या सबरुटीन मी तशा बदलेन. पण रॅपरचं, म्हणजे दुसऱ्या सबरुटीनला गुंडाळणाऱ्या सबरुटीनचं, काय? मधल्या सबरुटीनला आर्ग्युमेंटशी देणंघेणं नसतं. लॉग लिहायचा आणि @_ जशीच्या तशी पुढच्याकडे सोपवायची. ५.३६ मध्ये सिग्नेचर असलेल्या सबरुटीनमध्ये @_ वापरलं तर उलट तेच प्रायोगिक असल्याची वॉर्निंग येते. त्यामुळे रॅपरमध्ये मी @_ च ठेवणार, नव्या कोडमध्येसुद्धा.