सेमिनारला 'प्लॅन ९' घेऊ का?

खानापूरकर: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज बेळगावात. सेमिनारला बेल लॅब्सची प्लॅन ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची म्हणतोय. सर म्हणतात, मेलेली सिस्टिम कशाला, लिनक्स घे की. त्यांना काय सांगू?

निपाणीकर: मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घे. प्राध्यापक टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये शिकवण्यासाठीच लिहिलीय, कोड वाचून संपतो.

शहापूरचा डीटीपीवाला: प्लॅन ९च घे बाळा. मी शहापुरात लग्नपत्रिका जुळवतो, एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच नंबर, यायच्या आधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं कोष्टक वेगळं. दुसऱ्या दुकानातली फाईल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा चिखल. पत्रिका परत पहिल्यापासून टाईप करायची. हे पुढं कसं सुटलं ते शोधत गेलो आणि प्लॅन ९ पाशी पोचलो.

सप्टेंबर १९९२. प्लॅन ९ लिहिणारे केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीत एका हॉटेलात जेवायला गेले होते. तिथं ताटाखालच्या कागदावर थॉम्पसननी यूटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोडचे नंबर बाइटांत लिहायच्या पद्धतीची, मांडणी केली आणि काही दिवसांत अख्खी प्लॅन ९ तिच्यावर चालू लागली. इंग्रजी अक्षर पूर्वीसारखं एका बाइटात, आपला 'क' तीन बाइटांत, कन्नडचाही तीनच. आज माझी दोन्ही पानं एकाच फायलीत बसतात.

खानापूरकर: काका, हे ठाऊकच नव्हतं! पण सर डिझाइनवर विचारणार.

शहापूरचा डीटीपीवाला: विचारू देत की. बेल लॅब्सच्याच आधीच्या युनिक्स सिस्टिममध्ये 'सगळं म्हणजे फाईल' म्हणायचे, पण नेटवर्क त्यातून निसटलं होतं. प्लॅन ९ नं नेटवर्क आणि स्क्रीनवरच्या खिडक्यासुद्धा फायलींत आणल्या. दुसऱ्या मशीनची 'नेट' डिरेक्टरी आपल्याकडं जोडली, की त्याच्याच नेटवर्कनं बाहेर जाता येतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही! शिवाय प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, फायलींचं झाड आपापलं. ही कल्पना लिनक्सनं उचलली आणि आजचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा ठेवून चालवायचे डबे, तिच्यावर उभे आहेत. विंडोजमधून लिनक्सच्या फायली उघडतोस ना, तिथं मायक्रोसॉफ्टनं प्लॅन ९ चाच ९पी हा फायली देण्याघेण्याचा प्रोटोकॉल वापरलाय. सरांना हे दाखव.

२०२१ पासून प्लॅन ९ चा सगळा कोड एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही वापरायला आणि बदलायला मोकळा आहे. जुन्या लॅपटॉपवर ९फ्रंट ही प्लॅन ९ ची आजही चालू असलेली आवृत्ती टाक, पण आधी तीन बटणांचा माउस मिळव, टचपॅडवर जीव मेटाकुटीला येईल.