रात्री पेशंट अंगावर येतो तेव्हा: बांधायचं कधी, कसं, आणि नंतर काय?

नाईट_सिस्टर_नाशिक
नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला आहे. ३० खाटा, रात्री दोन सिस्टर आणि एक मावशी. सिक्युरिटी खाली गेटवर. पेशंट सलाईन उपटतात, हात उचलतात, चावायला येतात. ड्युटी डॉक्टरांना फोन केला की ठरलेलं उत्तर, "बांधून ठेवा." इन्चार्ज म्हणतात, बांधलं तर नातेवाईक व्हिडिओ काढतील. मला तीन गोष्टी नेमक्या हव्यात: बांधायची वेळ कधी येते, बांधायचं तर कसं, आणि सिस्टरला मार लागला तर कागदोपत्री काय करायचं. "शांतपणे समजावा" एवढंच सांगणार असाल तर ते येतं आम्हाला.

आयसीयू_ब्रदर
ताई, बांधायच्या आधीचं बोलू. संध्याकाळपर्यंत नीट बोलणारा माणूस रात्री मारायला लागला तर त्याला डिलिरियम (आजारामुळे अचानक झालेला मेंदूचा गोंधळ) झालाय असंच धरून चाला. डॉक्टर येईपर्यंत ऑक्सिजन सॅच्युरेशन, ग्लुकोमीटरवर साखर, ताप, बीपी, पल्स बघून घ्या आणि ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबलीय का ते चाचपा. कॅथेटर असेल तर नळी मुरगळली नाही ना? वयस्क पेशंटची तुंबलेली लघवी मोकळी केली की बऱ्याचदा मारामारीही थांबते. साखर ७० च्या खाली असेल तर त्याला ग्लुकोज लागतं, झोपेचं इंजेक्शन नाही. आणि ऑक्सिजन कमी असलेल्याला गुंगीचं औषध दिलं तर तो गप्प होतो खरा, पण श्वास मंदावल्यामुळे.

दारू वेगळी. शेवटची कधी घेतली हे भरतीच्या वेळीच विचारा, आणि बायकोला किंवा भावाला बाजूला घेऊन विचारा; पेशंट स्वतः खरं सांगत नाही. थरथर आणि घाम ६ ते ८ तासांत सुरू होतो, फिट ६ ते ४८ तासांत, आणि भास होऊन अंगावर येणं साधारण ४८ ते ९६ तासांत. म्हणजे सोमवारी फ्रॅक्चर घेऊन आलेला माणूस बुधवारी-गुरुवारी रात्री बिथरतो, तेव्हा दारूचं कुणाच्या ध्यानातही नसतं. इथे लोराझेपाम किंवा डायझेपाम ही शामक औषधं लागतात. नुसत्या हॅलोपेरिडॉलने (भास आणि बिथरणं आवरायचं औषध) फिट यायचा धोका वाढतो. ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी१), पण साखर खूपच खाली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज थांबवायचं नाही.

आपल्या भागातला तिसरा प्रकार म्हणजे औषध प्यायलेला पेशंट. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाच्या फवारणीचं औषध घरातच असतं. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकाच्या विषबाधेवर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू असताना पेशंट हवेत काहीतरी पकडू लागला, कपडे ओढू लागला, तर बाहुल्या मोठ्या, जीभ आणि काखा कोरड्या, अंग तापलेलं, पल्स १२० च्या वर, पोटाचे आवाज बंद, असं चित्र आहे का बघा. असेल तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. फोनवर "पेशंट त्रास देतोय" म्हणू नका, ही लक्षणं एकेक करून सांगा. डॉक्टर ड्रिप थांबवून नंतर कमी वेगाने सुरू करायला सांगतील. पण बंद केली आणि विसरलात तर छातीत पुन्हा स्राव भरतो, म्हणून छाती तपासत राहा. अशा पेशंटला बांधलं तर धडपडीने ताप आणखी चढतो.

मनोविकार_वॉर्ड
आता बांधण्याबद्दल. पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला आत्ता इजा करेल आणि दुसरा उपाय उरला नाही, तेव्हाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं की स्टाफ कमी आहे एवढ्याच कारणाने बांधता येत नाही, आणि शिक्षा म्हणून तर नाहीच. कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, पण मेडिसिन वॉर्डने वेगळा नियम कुठून आणायचा? फोनवरचं "बांधा" पुरत नाही. डॉक्टरने येऊन बघून केसपेपरवर कारण, वेळ आणि कोणता हात-पाय हे लिहावं. नातेवाइकांना आधी सांगून सही घ्या, मग व्हिडिओची भीती बरीच कमी होते.

माणसं पाच. चौघे हातापायांना, पाचवा डोक्याशी. बोलायचं फक्त त्यानेच, आणि श्वासावर नजरही त्याचीच. पेशंट उताणा, उशाकडची बाजू ३० अंश वर. पालथं कधीच नाही, छातीवर किंवा पाठीवर गुडघा कधीच नाही. श्वास कोंडलेल्या माणसाची धडपड थांबते आणि सगळ्यांना वाटतं, झाला शांत.

स्पंजचे तयार कफ उत्तम. नसतील तर मनगटाभोवती कापसाचा जाड थर, वरून रोलर बँडेज. नुसतं बँडेज ओढलं की दोरी होतं, कातडी कापतं, नस दाबली जाऊन हात लुळा पडतो. आत दोन बोटं जायला हवीत. सरकगाठ मारा, एका ओढीत सुटणारी, आणि ती खाटेच्या चौकटीला. साइड रेलला बांधलेला हात रेल खाली केल्यावर हिसका खातो. दर १५ मिनिटांनी नखांचा रंग, बोटांची ऊब आणि हालचाल बघा. दर २ तासांनी एकेक हात-पाय सोडून हलवा, पाणी द्या, लघवीचं विचारा. वेळा लिहा. सकाळी सहाला बसून रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने भरलेल्या लगेच ओळखू येतात.

हॅलोपेरिडॉल आणि फेनर्गन (गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध) दिल्यावर श्वास, बीपी, सॅच्युरेशन बघत राहा. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं असेल आणि मान वाकडी झाली किंवा डोळे वर चढले तर ते नाटक नव्हे, औषधाचा परिणाम आहे.

नाईट_सिस्टर_नाशिक
खूप उपयोगी. पण पाच माणसं आणायची कुठून? आम्ही तिघीच.

मनोविकार_वॉर्ड
तिघींनी धरायला जाऊच नका. शेजारच्या खाटांवरचे पेशंट आणि नातेवाईक बाजूला काढा, सलाईन स्टँड, कात्री, ट्रे हलवा, दार आपल्या पाठीशी ठेवा आणि दोन हात लांब, थोडं तिरकं उभं राहा. खालून माणसं यायला किती मिनिटं लागतात हे एकदा दिवसा मोजा. तो आकडा लेखी दिला की व्यवस्थापनाशी बोलणं सोपं जातं.

सुटका_शिकवते
मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याकडच्या फटीतून हात फिरवून काढा, पकड तिथेच कच्ची असते. केस धरले तर त्याचा हात आपल्याच डोक्यावर दोन्ही हातांनी घट्ट दाबा आणि त्याच्या दिशेने वाका. मागे खेचलं की केस उपटतात. चावला तर हात ओढू नका, आत ढकला. ओढल्याने मांस फाटतं. गळ्यात स्टेथो नको, आयकार्डची दोरी झटक्यात सुटणारी हवी, मंगळसूत्र पिनने आत अडकवा.

चावून रक्त आलं तर साबण-पाण्याने धुवा, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी लसीची नोंद तपासा, प्रतिजैविकाबद्दल विचारा. एचआयव्हीचा धोका डॉक्टर ठरवतील. गोळ्या लागल्याच तर शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या.

कागदपत्र_बघतो
महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांवरील हिंसेला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात खासगी रुग्णालयाची नर्सही येते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मोडलेल्या उपकरणाची भरपाई खरेदी किमतीच्या दुप्पट. भारतीय न्याय संहितेची १३२ आणि १२१ ही कलमं लोकसेवकांसाठी, म्हणून खासगीत ती लागतीलच असं धरू नका.

एक फरक ठेवा. नातेवाइकाने मारलं तर हा कायदा आहेच. डिलिरियममधल्या पेशंटने मारलं तर संहितेचं कलम २२ आड येऊ शकतं, कारण आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. तरीही तुमची इजा कॅज्युअल्टीत दाखवून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करा आणि घटना अहवालाची पोच घेतलेली प्रत घरी ठेवा. वेळ, खाट, साक्षीदार, आधी कुणाला किती वाजता फोन केला, सगळं त्याच रात्री. सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवण्याचा अर्जही दुसऱ्याच दिवशी द्या, पुढे ते पुसलं जातं.