विद्यावेतन मिळतं का, ते आधी बघा

ताई, बडोद्याच्या मुस्लिमबहुल तांदळजा भागातल्या तुमच्या विद्यार्थिनीने प्रजनन-आरोग्यातल्या बिनपगारी इंटर्नशिपसाठी जिनिव्हाला जावं का, असं विचारलंत. विद्यावेतन नसेल तर नको, असं माझं ठाम मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात ते मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२० पासून सुरू केलंय. घरून पैसे येणाऱ्यांनाच तिथे टिकता आलं, तर अल्पसंख्याक मुली या क्षेत्रात पोचणार कशा?

तोवर तिने बडोद्यातच ‘सहज’सारख्या संस्थेत माता-आरोग्याचं काम करावं. ममता दिवसाला, म्हणजे गुजरातेत गरोदर बायका नि बाळांच्या तपासणी-लसीकरणाच्या दिवशी, अंगणवाडीत सासू जरा बाजूला गेली की सून हळूच तांबीबद्दल विचारते, तेही आपल्या मोहल्ल्यातली वाटणाऱ्या मुलीला. असं ऐकून घेता येणं फार मोलाचं आहे. अर्जात ते सविस्तर लिहू दे. आणि शिफारसपत्र काम संपायच्या आधीच मागून ठेवायला सांगा.